निशाणाच्या काठीला एक खिळा

झालेस्ये,
बुधवार

प्रिय माल्विना,

चुलीवर पातेलं आहे असं सांगून मी रविवारी फोन ठेवला. चुलीवर काहीही नव्हतं, आणि ते तुला कळलंही असणार, कारण रविवारी मी आदल्या दिवशीचंच गार जेवतो हे तुला ठाऊक आहे. फोनवर मला धड भांडताही येत नाही. माझं वाक्य अर्ध्यावर असताना तू ‘बाबा, आधी ऐका तरी’ म्हणतेस आणि माझी सगळी फौज विखुरते. कागद मध्येच बोलत नाही, म्हणून हे पत्र. अक्षराला नावं ठेवू नकोस. स्वयंपाकघरातल्या टेबलाचा एक पाय आखूड आहे, आणि चेस्वाव ‘करतो साहेब, उद्या करतो’ म्हणत उन्हाळाभर तो पाय दुरुस्त करतो आहे.

‘एक खिळा तर ठोकायचा, बाबा. त्यात एवढं काय?’ असं तू म्हणालीस. वर मला सगळा कार्यक्रम समजावून सांगितलास. तुझ्या नव्या बटालियनला निशाण मिळणार, ओल्शिनाच्या चौकात मांडव पडणार, बिशप पवित्र पाणी शिंपडणार, मग एकेक पाहुणा पुढे होऊन निशाणाच्या काठीत आपापल्या नावाचा चांदीचा खिळा ठोकणार. शाळेचा एक, अग्निशामक दलाचा एक, साखर कारखान्याचा एक. लहानशी हातोडी, एक टोला, सलाम, बाजूला. ते झालं की निशाण तुझ्या हातात. पोरी, हे तू कुणाला शिकवतेस? असे खिळे ठोकलेल्या काठ्या मी हयातभर पाहिल्या. फरक एवढाच, की ठोकणारे दुसरे असायचे आणि ती काठी काळ्या पिशवीत घालून संग्रहालयात पाठवणारा मी.

आणि निशाणाचा धर्मपिता कोण, तर वाल्देमार प्ताक! बाप्तिस्म्याला पोराला असतात तसे निशाणालाही धर्ममाता-धर्मपिता असतात, ते ठीक आहे. पण प्ताक? आज तो नगराध्यक्ष आहे, तेव्हा नुसता नगरसेवक होता, मिशी नुकती जाड झालेली. आमची रेजिमेंट बंद करण्याबद्दल मंत्रालयाने गावाचं मत मागवलं होतं. तुझी आई आणि छावणीतल्या बाकीच्या बायका नगरपालिकेच्या दारात हे एवढं पातेलं घेऊन बसल्या होत्या, आठवतं? आंबवलेल्या कोबीचा बिगोस रटरटत होता आणि त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होत्या, ‘रेजिमेंट गेली तर ओल्शिनात पाव कोण विकत घेणार, सांगा बरं?’ प्ताक आला, तीन ताटल्या बिगोस हाणला, ‘वहिनी, असा बिगोस माझ्या आईच्या हातालाही नाही’ म्हणाला, आणि आत जाऊन बराकी फर्निचरच्या दुकानाला देण्याच्या बाजूने हात वर केला. तुझी आई, माझी लुत्स्यना, त्याला शेवटपर्यंत ‘तीन ताटल्या’च म्हणायची. आता हा तीन ताटल्या तुझ्या निशाणाचा बाप होणार. तो पहिल्या रांगेत मखमली खुर्चीवर, आणि तुझा बाप तिसऱ्या रांगेत, बँडच्या भोंग्यांच्या तोंडासमोर. मी फोन ठेवू नको तर काय करू?

मी ओल्शिनाला पहिल्यांदा आलो तेव्हा खांद्यावर नवे तारे होते आणि बुटाला चिखल लागला तरी वाईट वाटायचं. नारेव नदीवर तरंगते पूल बांधणारी आमची रेजिमेंट. ट्रक पाठमोरा काठाशी यायचा, लोखंडी तराफा धाडकन पाण्यात पडून आपोआप उघडायचा, मग मोटारबोटींनी ढकलत एकाला एक जोडायचे. पूल जुळला की पहिल्या रणगाड्यावर पूल बांधणारा अधिकारी बसायचा. हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता. पूल तू जोडलास ना, मग बुडायचं असेल तर आधी तू. मला ते फार आवडायचं. इतका सरळ हिशेब पुढे कुठल्याच खात्यात भेटला नाही.

महापुराच्या वर्षी तीन गावं आमच्या पुलावरून बाहेर पडली. एक म्हातारी गाईशिवाय यायला तयार नव्हती, म्हणून गाईलाही पुलावर घेतलं, आणि बरोबर मध्यावर ती अडून उभी राहिली. मागे सगळं गाव खोळंबलेलं, खाली पाणी नुसतं घोंघावतंय. चेस्वाव, तेव्हा माझ्या हाताखालचा जवान, ओरडला, ‘आजीबाई, ढकला की तिला!’ आजीबाई थंडपणे म्हणाल्या, ‘ढकलून काय उपयोग? ती तुमच्या साहेबासाठी थांबलीये. आधी सलाम करायला सांगा.’ मी सलाम केला. गाय चालू लागली. चेस्वावला मी तेव्हा बजावलं होतं की ही गोष्ट छावणीत कळली तर तुला आठवडाभर बटाटे सोलायला बसवीन. संध्याकाळपर्यंत सगळ्या छावणीला कळलं, आणि आठवडाभर मला पाहिलं की कोपऱ्याकोपऱ्यांतून हंबरणं ऐकू यायचं.

तुझ्या आईने किती घरं मांडली आणि मोडली याचा हिशेब मी ठेवला नाही, तिनेही नाही. ती भूगोलाची शिक्षिका. जिथे जावं तिथे शाळेत जागा भरलेली, किंवा कुणाच्या तरी बाळंतपणाच्या रजेत चार महिने. ‘मी भूगोल शिकवायचा कशाला,’ ती म्हणायची, ‘मी तो पेट्यांत भरून फिरवते.’ काकड्या खारवायची तिची मातीची बरणी प्रत्येक बदलीत तिच्या मांडीवर असायची, ट्रकमध्ये ठेवू द्यायची नाही. शेवटी मी त्याच ओल्शिनाला रेजिमेंटचा कमांडर म्हणून परतलो. ती म्हणाली, ‘झेनॉन, आता ही बरणी मी खाली ठेवते.’ दुसऱ्या हिवाळ्यात रेजिमेंट बंद करण्याचा आदेश आला.

त्या निशाणाची गोष्ट तू लोकांना सांगतेस असं कानावर आलं आहे, तर निदान नीट सांग. निशाण संग्रहालयाला ‘सुस्थितीत’ द्यायचं होतं, आणि आमच्या निशाणाची सोनेरी झालर एका बाजूने पार उसवलेली. वॉर्सॉहून उत्तर आलं की दुरुस्तीसाठी तरतूद नाही. लुत्स्यना म्हणाली, ‘घरी आण. पडद्याला झालर लावतात, तशी लावते.’ पण निशाण पहाऱ्याशिवाय कुठे जात नाही. निशाण तिथे दोन बंदूकधारी शिपाई. त्यामुळे त्या रविवारी आपल्या एवढ्याशा स्वयंपाकघरात एक शिपाई फ्रिजपाशी आणि एक दाराशी, सावधान. मध्ये टेबलावर धुतलेल्या चादरीवर निशाण, आणि तुझी आई चष्मा लावून टाके घालते आहे. चुलीवर सारण भरलेले पिएरोगी उकळतायत, कढईत कांदा परततोय. पहाऱ्यावरच्या शिपायाला हलायची बंदी, बोलायची बंदी, खाण्याचं तर नावच नको. दोघं कोवळी पोरं, कांद्याच्या वासाने कासावीस. आई उठली, काट्याला एक पिएरोग टोचला आणि फ्रिजपाशीच्या पोराला म्हणाली, ‘आ कर.’ त्याने डोळे फिरवून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. शिपायाने पहाऱ्यावर खाऊ नये असा नियम आहे, त्याला कुणी भरवू नये असं कुठेच लिहिलेलं नाही. तू टेबलाखाली बसली होतीस. शेवटी तिथूनच ओरडलीस, ‘आई, दारवाल्याला दोन कमी दिलेस!’

त्या शुक्रवारी मैदानावर सगळी रेजिमेंट शेवटची उभी राहिली. एकेकाने गुडघा टेकून निशाणाच्या कडेचं चुंबन घेतलं. मी सर्वांत शेवटी. झालरीला ओठ लावले तेव्हा लुत्स्यनाच्या दोऱ्याची गाठ ओठाला लागली. चेस्वाव निशाणबरदार होता, काठी त्याच्या हातात. तो हळूच पुटपुटला, ‘उठा साहेब, नाहीतर मीही बसेन.’ मी उठलो. निशाण गुंडाळलं, पिशवीचे बंद बांधले, गाडीत ठेवलं. वेळेच्या आधी.

नडलं ते तिथेच. मंत्रालयात कुणाच्या तरी लक्षात आलं, की ब्येलाक वेळेत बंद करतो, तक्रार करत नाही, आणि रडका अहवाल पाठवत नाही. मग दुसरी छावणी, मग तिसरी. जो माणूस पूल बांधायला शिकला त्याला यांनी आयुष्यभर दारं लावायला बसवलं. नव्या जागी पाऊल टाकलं की भोजनगृहातल्या बायका एकमेकींना म्हणायच्या, ‘कबरखण्या आला गं, पेट्या काढा.’ एका ठिकाणी न्हाव्याने माझे केस कापायच्या आधी पैसे मागितले. म्हणाला, ‘राग मानू नका साहेब, तुम्ही आलात म्हणजे उद्या मी कुठे असेन सांगता येत नाही.’ कर्नलच्या बढतीला मी पात्र ठरलो ते शेवटच्या ब्रिगेडमध्ये. तिथे कर्नलची एक जागा होती. ब्रिगेडबरोबर ती जागाही रद्द झाली, आणि रद्द केल्याच्या आदेशावर सही माझी. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला घड्याळ दिलं. ते मागे पडतं.

तू सैनिकी अकादमीत जाते म्हणालीस तेव्हा मी ओरडलो होतो, ‘मी इथे दुकानाला कुलपं लावतोय आणि तू तिथेच नोकरीला निघालीस?’ तू दार आपटून गेलीस. लुत्स्यना काकड्यांत शेपू घालत होती. मान वर न करता म्हणाली, ‘जाऊ दे तिला. कुलपं उघडायलाही कुणीतरी लागेलच की.’ मी हसलो होतो. आता बघ, फर्निचरचं दुकान बुडालं, बराकींना नवी कौलं लागली आणि किल्ली तुझ्या हातात. बाई बरोबर निघाली. ते ऐकायला मात्र ती नाही, आणि मी कुणापुढे हार मानू, चेस्वावपुढे? तो आधीच डोक्यावर बसला आहे.

वसंतात मी संग्रहालयात जाऊन आलो. तुला सांगितलं नव्हतं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘आजोबा, ते निशाण भांडारात आहे, मांडलेलं नाही.’ म्हटलं, दाखवता का? ‘तुम्ही संशोधक आहात?’ म्हटलं, नाही बाळ, मी त्याचा कमांडर आहे. ती म्हणाली, ‘मग अर्ज करावा लागेल.’ संशोधक असतो तर काय केलं असतं कोण जाणे, बहुधा तोच अर्ज. तुझ्या बटालियनला मंत्रालयाने परंपरा दिली आहे ती महायुद्धाआधीच्या एका घोडदळाची. चांगले लोक होते, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तुझ्या जवानांतल्या कितीजणांनी घोडा जवळून पाहिला आहे? आमची रेजिमेंट चुकीच्या, साम्यवादी राजवटीत जन्मली, म्हणून तिचा वारसा कुणालाच नको. त्या गाईने पूल ओलांडताना राजवट विचारली नव्हती. तुझा यात दोष नाही, मला ठाऊक आहे. पण दोष कुणाचाच नसतो आणि निशाण मात्र भांडारात पडतं, याचाच मला संताप येतो.

हल्ली मला सगळ्याचाच संताप येतो, असं चेस्वाव म्हणतो. तो रोज सकाळी पलीकडच्या गल्लीतून येतो आणि आल्या आल्या चहा करतो. मला आयुष्यभर काचेच्या पेल्यात काठोकाठ चहा लागतो. हा मला जाड कपात देतो, तोही अर्धा. परवा मी भडकलो. म्हटलं, ‘शिधा कमी झालाय का? की माझ्या घरची साखर तू तुझ्या घरी नेतोस?’ तो म्हणाला, ‘अर्धा प्या साहेब, मग दुसरा अर्धा देतो. दोन अर्धे मिळून एक होतो, तुमच्या तरंगत्या पुलासारखं.’ शनिवारी पत्ते खेळायला मी आता जात नाही, तिथे फार बडबड असते. यंदा जंगलात अळंबी भरपूर आहेत म्हणतात, पण वाकून कापत बसायचा कंटाळा येतो. आणि हो, मी दाढी वाढवली आहे. पाहिल्यावर हसू नकोस. चेस्वाव म्हणतो, मी आता उपाशी बिशपसारखा दिसतो.

आईच्या दगडाचं काम मागच्या महिन्यात पुरं झालं. ती गेली तेव्हा तू परदेशी मोहिमेवर होतीस, दफनाच्या सकाळी गणवेशातच उतरलीस, त्यामुळे हे सगळं माझ्यावरच पडलं, आणि मी ते तीन हिवाळे रेंगाळत ठेवलं. दगड कोरणारा विचारत होता, ‘नावाखाली लेफ्टनंट कर्नलची पत्नी असं टाकू ना? सगळे तसंच घेतात, छान दिसतं.’ म्हटलं, ‘शिक्षिका’ लिही. तो म्हणाला, ‘कुठल्या शाळेत?’ मला सांगता येईना. शेवटी म्हटलं, नुसतं शिक्षिका. ही बाई माझ्यामागे देशभर हिंडली, मी बंद केलेल्या प्रत्येक छावणीत तिने आधी पडदे लावले होते, आणि तिच्या नावाची एक पाटी या सैन्यात कुठे नाही. जिथे तिच्या हाताचे टाके आहेत ते निशाणही अर्ज केल्याशिवाय दिसत नाही.

आता रविवारच्या फोनचं. प्ताकला पहिल्या रांगेत बसव नाहीतर झाडावर, मला काही फरक पडत नाही. तिसरी रांगही चालेल, भोंगेही चालतील. माझा उजवा हात हलतो, माल्विना. ईस्टरपासून. डॉक्टरीणबाई कंपवात म्हणाल्या, गोळ्या दिल्या, आणि गोळ्यांनी बरं वाटतं म्हणाल्या ते थोडंफार खरं आहे. टेबलाचे चारही पाय सारखे आहेत, चेस्वाव बिचारा उगाच बोल खातो. तुझा फोन यायच्या आदल्या दिवशीच निमंत्रण आलं होतं. मी शेडमध्ये जाऊन एका फळीवर खिळे ठोकून पाहिले. अंगठा काळानिळा आणि फळीची चाळणी. एका पुऱ्या बटालियनसमोर, तुझ्यासमोर, कबरखण्या ब्येलाकला एक खिळा धड ठोकता येणार नाही, हे मला फोनवर सांगता येईना, म्हणून राग प्ताकवर काढला. त्याच्यावर राग काढायला कारणं भरपूर आहेत, पण रविवारचं कारण ते नव्हतं. चेस्वावने ती फळी पाहिली. मग म्हणाला, ‘साहेब, त्या काठीला भोक आधीच पाडलेलं असतं, मी इतकी वर्षं ती काठी धरली, मला विचारा. आणि बिशप दर वेळी पहिला टोला हुकवतो. बिशपला कुणी हसतं का?’ तर मी येतो. माझ्या दोनच मागण्या आहेत. खिळ्यावर माझं नाव कोरायला दिलं असेल तर ते पुसायला सांग, तिथे ‘लुत्स्यना ब्येलाक’ कोर, खाली काही नको. आणि मी हातोडी उचलेन तेव्हा माझा हात धरायला कुणाला पाठवू नकोस, तूही जागची हलू नकोस. कितीही वेळ लागू दे, मी कितीदाही हुकू दे, नजर समोर. तू माझ्याकडे बघितलंस तर मला जमणार नाही. चेस्वाव माझ्या डाव्या हाताला उभा राहील, त्याच्यासाठी इस्त्रीचा गणवेश शोधणं चालू आहे, पोटावर बसत नाही. समारंभ उरकला की तुमचा आचारी नेहमीप्रमाणे मोठ्या हंड्यातून सगळ्या गावाला वाटाण्याचं सूप वाटेल. त्याला आधीच सांगून ठेव, की लेफ्टनंट कर्नल ब्येलाकना ताटलीत वाढायचं नाही. जाड कपात द्यायचं, आणि कप अर्धाच भरायचा.

तुझाच,
बाबा